मॉरिशसमधील निवृत्ती आणि दुसऱ्या दशकाचा प्रश्न

नोकरी किंवा व्यवसायातून मोकळे झाल्यावर उरलेला काळ परक्या देशातील एखाद्या बेटावर काढावा, ही कल्पना आता मूठभर श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. अनेक बेटराष्ट्रांनी परदेशी निवृत्तांसाठी खास निवास परवाने काढले असून, अशा रहिवाशांच्या खात्यात बाहेरून नियमितपणे येणारा पैसा हे पर्यटनासारखेच परकीय चलनाचे साधन मानले आहे. हिंदी महासागरातील मॉरिशस हे त्याचे बारकाईने तपासण्याजोगे उदाहरण आहे. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचा आणि साडेबारा लाखांच्या आसपास लोकवस्तीचा हा देश आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्याही पलीकडे असला, तरी तेथील निम्म्याहून अधिक लोक भारतीय वंशाचे आहेत, कायद्याचा पाया बव्हंशी फ्रेंच आहे, प्रशासनाची घडण ब्रिटिश आहे आणि घराघरांत बोलली जाणारी भाषा क्रिओल, म्हणजे फ्रेंचच्या पायावर उभी राहिलेली स्थानिक भाषा, आहे.

परवान्याची अट वरवर पाहता साधी आहे. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी व्यक्तीने ठरावीक किमान रक्कम परदेशातून देशातील बँकेत आणत राहावी, हे तिचे सार. २०२० मध्ये ही रक्कम दरमहा १,५०० डॉलरपर्यंत खाली आणण्यात आली आणि परवान्याची मुदत दहा वर्षांची करण्यात आली. मात्र अशा रकमा अर्थसंकल्पागणिक बदलत असल्याने एकदा कमी झालेला आकडा पुढेही तसाच राहील, असे धरून चालता येत नाही. भारतातून जाऊ पाहणाऱ्याची खरी अडचण येथेच सुरू होते. १,५०० डॉलर धरले तरी महिना सव्वा लाख रुपयांच्या वरची रक्कम झाली, आणि २०१० च्या सुमारास पंचेचाळीस रुपयांना मिळणारा डॉलर २०२४ मध्ये चौऱ्याऐंशीच्या घरात गेलेला असताना, रुपयांत ठरलेल्या पेन्शनीवर डॉलरमधील अट दहा वर्षे पाळायची, तर मूळ पुंजीला हात लागणार हे उघड आहे. ब्रिटनमधून येणाऱ्याची स्थिती निराळी आहे. तेथील सरकारी निवृत्तिवेतन कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्यांना सुरुवातीच्याच आकड्यावर गोठवून मिळते. मॉरिशसशी मात्र सामाजिक सुरक्षेचा करार असल्यामुळे येथे राहणाऱ्याला दरवर्षीची वाढ मिळत राहते, आणि वीस वर्षांच्या मुदतीत हा एक फरक समुद्राच्या दृश्यापेक्षा अधिक मोलाचा ठरू शकतो.

बेटाचे हवामान एकच एक असते, ही पर्यटनाच्या माहितीपत्रकांनी पसरवलेली समजूत मॉरिशसला लागू पडत नाही. आग्नेयेकडून वर्षभर वाहणारे व्यापारी वारे, म्हणजे उष्ण कटिबंधात जवळजवळ एकाच दिशेने वाहणारे स्थिर वारे, मधल्या पठारावर अडतात आणि तेथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पश्चिम किनारा एक हजार मिलिमीटरही क्वचितच पाहतो. त्यामुळे तामारँ आणि काळ्या नदीच्या परिसरात दक्षिण आफ्रिकी आणि फ्रेंच रहिवाशांची गर्दी दिसते, उत्तरेकडील ग्रां बे येथे तर परदेशीयांची स्वतंत्र बाजारपेठच उभी राहिली आहे, आणि पठारावरील क्युरपीपचे धुके व ओल सांधेदुखीने बेजार झालेल्या म्हाताऱ्याला सहसा सोसत नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम. फेब्रुवारी १९६० मधील ‘कॅरोल’ वादळात ताशी २५६ किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले, लाकडी आणि पत्र्याची घरे उडून गेली, आणि त्यानंतर हा देश काँक्रीटच्या घरांकडे वळला. आज तेथे दिसणारी, फारशी देखणी नसलेली सपाट छपरांची घरे ही त्या आठवणीचीच देणगी म्हणावी लागेल. इशाऱ्याचे चार टप्पे असतात व शेवटच्या टप्प्यात घराबाहेर पडण्यास बंदी असते. घर भक्कम असले तरी जानेवारी २०२४ मधील ‘बेलाल’च्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धाला अशा वेळी वाऱ्यापेक्षा बंद पडलेली वीज आणि न येणारी मदतनीस जास्त जाचते.

तथापि वादळ हे वर्षातून काही दिवसांचे संकट. बेटपणाचा खरा परिणाम रोजच्या व्यवहारात मुरलेला असतो. अन्नधान्यापैकी मोठा भाग आणि औषधे, यंत्रांचे सुटे भाग हे सर्व जहाजाने वा विमानाने यावे लागते, त्यामुळे प्रत्येक वस्तूच्या किमतीत समुद्र ओलांडण्याचा खर्च मिसळलेला असतो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सीमा बंद झाल्या, त्या पुरत्या खुल्या व्हायला १ ऑक्टोबर २०२१ उजाडला. नातवंडांपासून सहा-सात तासांच्या विमानप्रवासावर आहोत, असे मानणाऱ्यांना ते अंतर तासांत मोजायचे नसते, हे त्या दीड वर्षात कळले. प्रकृतीचा प्रश्नही याच जातीचा आहे. नित्याच्या तपासण्या आणि बहुतेक शस्त्रक्रिया तेथील खासगी रुग्णालयांत होतात, परंतु गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णाला भारतात, दक्षिण आफ्रिकेत किंवा शेजारच्या रियुनियनमध्ये न्यावे लागण्याचे प्रसंग येतात. साठीतल्या माणसाला हा प्रवास शक्य वाटतो. पंचाहत्तरीनंतर विम्याचा हप्ता चढत जातो आणि प्रवासाची ताकद उतरत जाते. परवान्याची मुदत दहा वर्षांची असते, आयुष्याची मुदत बहुधा त्याहून लांब असते, आणि बेटावर निवृत्त होण्याच्या बहुतेक आकडेमोडींत नेमके हे दुसरे दशक गाळलेले असते.

घर विकत घेण्याचा मोह आवरण्याचे कारणही त्याच दशकात दडलेले आहे. १९७५ च्या कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला परवानगीवाचून तेथे स्थावर मालमत्ता घेता येत नाही, व प्रत्यक्षात बहुतेक खरेदी सरकारमान्य गृहयोजनांमध्ये होते. तेथे दर चढे असतात आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही बहुधा परदेशीच शोधावे लागते. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट वारसाहक्काची. ब्रिटिशांनी १८१० मध्ये बेट जिंकले तरी फ्रेंच दिवाणी कायदा तसाच राहू दिला, आणि त्या कायद्यात अपत्यांसाठी राखीव हिस्सा, म्हणजे मृत्युपत्र करूनही ज्याला हात लावता येत नाही असा मालमत्तेचा भाग, ठरलेला आहे. स्वकष्टार्जित घर मृत्युपत्राने कोणालाही देता येते, हे गृहीत धरून चालणाऱ्या मराठी कुटुंबाने हा फरक खरेदीखतावर सही करण्याआधीच वकिलाकडून समजून घेतलेला बरा.

मराठी वाचकाला मॉरिशस परके वाटत नाही, याला इतिहास आहे. १८३४ पासून ठरावीक वर्षांच्या लेखी करारावर उसाच्या मळ्यांत नेलेल्या मजुरांमध्ये कोकणातील माणसेही होती. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जेथे ती उतरली, २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, झाखडी नाचली जाते. मात्र पाच-सहा पिढ्यांनंतर ओळखीचे आडनाव लावणारा शेजारी बोलतो ते क्रिओल, आणि उत्सवापुरती जुळलेली मने वर्षभराच्या सोबतीची हमी देत नाहीत. भाषा शिकण्याची तयारी नसलेल्या निवृत्ताभोवती हळूहळू परदेशीयांचेच वर्तुळ उरते.

यावर काहींनी शोधलेली तोड अशी, की वर्ष विभागून राहायचे. मे ते ऑक्टोबर हा मॉरिशसचा कोरडा, सौम्य थंडीचा काळ, आणि मुंबई-कोकणात तोच आधी उकाड्याचा व नंतर धुवाधार पावसाचा. वादळाचा हंगाम सुरू होताना परतायचे, तोवर इकडे दिवाळीचे दिवस आलेले असतात. मात्र तेथे वर्षात १८३ दिवस राहिल्यास करासाठी रहिवासी ठरवले जाते आणि भारतातही दिवसांचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागतो, त्यामुळे अशा कुटुंबांना विमानाची तिकिटे काढण्याआधी सल्लागाराकडे दिनदर्शिका घेऊन बसावे लागते. घर भाड्याचे असेल, तर त्या बैठकीत निदान एक प्रश्न कमी असतो.