९:१४ वर अडलेलं घड्याळ

गेल्या दिवाळीत चुडाव्याला घरी होतो. पूर्णा–नांदेड रेल्वेमार्गावरचं, पूर्णा तालुक्यातलं हे गाव. अप्पांना मनगटावर मराठी आकडे हवे होते, म्हणून त्यांच्या गार्मिन घड्याळासाठी नवी तबकडी लिहायला बसलो. लॅपटॉपवर सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचं हुबेहूब घड्याळ, सुरू केलं. ९:१४ उमटले. फराळ करून आलो, तरी ९:१४च.

"सेल संपला काय रे?" अप्पांनी विचारलं.

सेल नव्हे, चूक माझी होती. स्मार्टवॉचची तबकडी आपणहून चालत नाही. घड्याळ प्रोग्रामला हाक मारतं, प्रोग्राम चित्र काढून देतो आणि पुढची हाक येईपर्यंत तेच चित्र राहतं. गार्मिनच्या 'मंकी सी' भाषेत मांडणीची हाक 'ऑनलेआउट' सुरुवातीला येते. चित्राची हाक 'ऑनअपडेट' पुन्हापुन्हा येते. मी वेळ विचारली होती मांडणीत. चित्र दर खेपेला नव्याने निघत होतं, त्यातली वेळ मात्र शिळी. ती ओळ ऑनअपडेटमध्ये नेली आणि ९:४१ झाले.

हे सापडलं एका साध्या उपायाने. ऑनअपडेटमध्ये वेळ छापणारी एक ओळ घातली आणि खालच्या खिडकीत पाहिलं. ओळी येत असतील तर हाक पोचते आहे, घोळ चित्रात आहे. येत नसतील तर हाकच थांबली आहे, किंवा नवा प्रोग्राम तयारच झालेला नाही आणि आपण जुनाच बघत बसलो आहोत. प्रोग्राम तयार होताना दाखवलेली चूक न वाचता सिम्युलेटर पुन्हापुन्हा बंद-चालू करण्यात वेळ फुकट जातो.

मग सेकंद अडले. हा मात्र बिघाड नव्हता. मनगट वर केलं की काही क्षण घड्याळ दर सेकंदाला हाक मारतं. नंतर बॅटरी वाचवायला झोपतं आणि मिनिटाला एकदाच उठतं. या झोपेत टायमर आणि अ‍ॅनिमेशनही चालत नाहीत. सिम्युलेटरमध्ये ही कमी विजेची अवस्था मेनूतून चालू-बंद करता येते, ती आधी तपासावी. झोपेतही सेकंद हवेच असतील तर काही घड्याळांत 'ऑनपार्शियलअपडेट'ची सोय आहे. पडद्याचा छोटा तुकडा तेवढा रंगवायचा. विजेचा हिशेब कडक असतो. मर्यादा ओलांडली की ती सोय बंद होते. तुकड्याची चौकट काम झाल्यावर मोकळी केली नाही, तर पुढचं चित्र त्या चौकटीतच अडकतं आणि बाकीचा पडदा जुनाच राहतो. माझ्याकडून तेही घडलं.

शेवटी आकडे. ० ते ९ या देवनागरी अंकांचा फॉन्ट मी वेगळा बनवून जोडला, पण त्यात '७' घालायचा राहिला. सात आले की जागा रिकामी. पडदा नीट बदलत होता, तरी दिसायला अडल्यासारखाच. म्हणून तबकडी तपासताना दहाही अंक एकदा डोळ्यांखालून घालावेत.

पूर्णा, परभणी, नांदेडच्या मुलामुलींना एवढंच सांगायचं आहे: हे शिकायला महागडं घड्याळ लागत नाही. सिम्युलेटर फुकट मिळतो, साधा लॅपटॉप पुरतो. या सुट्टीत एक मराठी तबकडी करून बघा.