रोजचे नऊ ड्रम

पहाटे पाच. शेडचं दार उघडायच्या आधी मी कान देते. ब्लोअरची घरघर आणि पाण्याची खळखळ, दोन्ही ऐकू आली की मगच कडी काढते. सिन्नरच्या पूर्व भागात वैशाखात विहिरी कोरड्या पडतात. माझ्या चार टाक्यांत मात्र 60,000 लिटर पाणी फिरतंय, त्यात चिलापी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बाईला 60 टक्के अनुदान, म्हणून कागद माझ्या नावावर झाले. मग कामही माझंच झालं.

साडेसहा. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकून पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर जीव भांड्यात पडतो, हिरवं झालं तर अमोनिया. किलोभर खाद्यामागे साधारण 30 ग्रॅम अमोनिया होतो आणि मी दिवसाला 12 किलो घालते. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू वेगळ्या टाकीत, प्लास्टिकच्या बारक्या चाकांवर राहतात. चाक हातात घेतलं की तपकिरी, बुळबुळीत लागतं. हा थर धरायला सहा आठवडे गेले होते, म्हणून त्याला मी माशांपेक्षा जपते. आज हिरवट झाक दिसली. सकाळचं खाद्य निम्मं केलं, खाण्याचा सोडा टाकला.

आठ. तळ्यात ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेतं. शेडमध्ये मासे जेवले की उतरतो. तेव्हा मी टाकीपासून हलत नाही.

दहा. टँकर आला. रांगेत शेजारच्या काकू म्हणाल्या, "गावाला प्यायला नाही, आणि तू माशांना आंघोळी घालतेस." लागलं मला. त्यांना हात धरून शेडमध्ये नेलं. गाळणी दाखवली, पाणी परत टाकीत पडताना दाखवलं. गाळासोबत रोज 1,800 लिटर बाहेर जातं, म्हणजे नऊ ड्रम. तेवढंच पावसाळ्यात भरलेल्या शेततळ्यातून घेते. टँकरचा थेंबही नाही. काकू वाकून वास घेत राहिल्या.

दुपारी दोन. वीज गेली. 30 अंशांच्या पाण्यात मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. गेल्या वर्षी जनरेटर सुरू झाला नाही आणि अर्ध्या तासात एक अख्खी टाकी उलटी पडली. पांढरी पोटं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. आता रोज सकाळी जनरेटर चालवून बघते, शिवाय ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असतो. आज पहिल्या झटक्यात सुरू झाला.

संध्याकाळी सहा. ते नऊ ड्रम डाळिंबाला. चाळीसेक झाडं त्यावर उन्हाळा काढतात. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातही मासे वाढवलेलं पाणी पुढे बागांना देतात. त्यांचं ठिबक आपण उचललं, हेही उचलायला हवं.

रात्री आठ. उद्याचा माल आठवडाभर वेगळ्या स्वच्छ पाण्यात, उपाशी ठेवलाय. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, त्यातला जिऑस्मिन अशा फिरत्या पाण्यातही तयार होतो आणि मांसात उतरतो. त्यातली एक चिलापी तळून सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी सावकाश घास चावला.

"माती नाही लागत. बोलव गाडी."