माशांच्या पाण्यावर पुदिना

मुलांनो, एखाद्या जुन्या घराच्या परसात कधी डोकावलंय? न्हाणीघराचं पाणी जिथे बाहेर पडतं, नेमकी तिथेच अळूची पानं छत्रीएवढी झालेली असतात. शेजारी एखादी केळही असते. जे पाणी आपण ‘घाण’ म्हणून सोडून देतो, त्याच्यावरच ही मंडळी पोसतात!

आता समजा, हे पाणी न्हाणीतून नाही, तर माशांच्या टाकीतून आलं. झाडांनी त्यातलं आपलं खाणं उचललं आणि निवळलेलं पाणी पुन्हा माशांकडे गेलं. पुन्हा झाडांकडे, पुन्हा माशांकडे. या गोल फिरणाऱ्या शेतीला म्हणतात अ‍ॅक्वापोनिक्स. मासे पाळणं आणि मातीविना भाजी पिकवणं, या दोघांचा एकत्र संसार! पाणी पुन्हा पुन्हा तेच वापरायचं. उन्हाने उडून जाईल तेवढंच वरून घालायचं.

मासे आणि पीक एकत्र वाढवण्याची कल्पना जुनीच. अरुणाचल प्रदेशातल्या झिरो खोऱ्यात आपातानी शेतकरी भातखाचरातच मासे वाढवतात. टाकी आणि पंप वापरणारी आजची पद्धत मात्र १९८० नंतर आकाराला आली. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात, जेम्स राकोसी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं प्रयोग केले.

हे सगळं वाचून मलाही हुरूप आला आणि माझी जी फजिती झाली, ती आधी सांगतो.

पाणी तर स्वच्छ होतं!

मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे आली होती. सातवीतली. मामा-भाचीने मिळून परसात टब मांडला, वर खडीचा वाफा केला, पंप लावला. रविवारी सकाळी नळाचं पाणी भरलं आणि संध्याकाळी सहा गोल्डफिश सोडलेसुद्धा! चार दिवस मजेत गेले. गुरुवारी मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले. मी घाबरलो. निम्मं पाणी काढून टाकलं आणि थेट नळाचं ताजं पाणी भरलं. शुक्रवारी सकाळी सहाच्या सहा मासे उलटे तरंगत होते.

भाची रडली नाही. टबाजवळ बसून राहिली आणि म्हणाली, “मामा, पण पाणी तर स्वच्छ होतं ना रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मला पुस्तकं उघडावी लागली.

तिसरा गडी

आम्ही समजत होतो, या खेळात गडी दोनच: मासे आणि झाडं. खरं तर तीन असतात. तिसरा दिसत नाही, म्हणून आम्ही त्याला विसरलो.

मासे खातात, त्यातून अमोनिया तयार होतो. तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. त्याला रंग नाही, त्यामुळे पाणी काचेसारखं दिसतं. पण माशांना तो विषच. मग कामाला लागतात जिवाणू. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषारीच! दुसरी टोळी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. हे नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही आणि झाडांना तर ते खत! रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखवले.

हे जिवाणू खडीच्या अंगावर घर करून राहतात, पण त्यांची वस्ती वाढायला आठवडे लागतात. आम्ही दिले होते काही तास! त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. ते आपल्यासाठी जंतू मारतं, पण या कामाच्या जिवाणूंना आणि माशांच्या कल्ल्यांनाही सोडत नाही. म्हणजे घाबरून केलेल्या मदतीने आम्ही माशांचे हाल वाढवलेच होते.

दुसरा डाव

काय काय लागलं ते लिहून घ्या.

*टब:* दीडशे लिटर पाणी मावून वर थोडी जागा उरेल एवढा. वीज गेली की वाफ्यातलं पाणी खाली उतरतं, म्हणून काठोकाठ भरायचा नाही.

*वाफा:* सुमारे एक फूट खोल, साठेक लिटरचा प्लॅस्टिकचा टब. खडी आणि पाणी मिळून त्याचं वजन शंभर किलोच्या वर जातं! त्यामुळे तो स्टुलावर नाही, विटांच्या भक्कम ओट्यावर ठेवायचा. गच्चीत किंवा बाल्कनीत मांडायचा असेल, तर आधी जाणकाराला विचारायचं.

*खडी:* बोराएवढी, काळ्या दगडाची. थोड्या खडीवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं, तर त्यात चुना आहे, ती नको. चांगली खडी पाणी निवळ येईपर्यंत धुवायची.

*पंप आणि पाइप:* पाण्यात बुडवून चालणारा छोटा पंप टबातलं पाणी वर चढवतो. वाफ्यात एक उभा पाइप बसवायचा. त्याचं तोंड खडीच्या दोन इंच खाली. पाणी तिथवर चढलं की पाइपातून धो-धो खाली टबात पडतं आणि पडताना हवा मिसळून घेतं. पाइपाच्या बुडाशी एक बारीक भोक ठेवायचं, म्हणजे पंप बंद झाल्यावर वाफा निचरतो. पाइपाभोवती भोकं पाडलेला मोठा पाइप घातला की खडी आत शिरत नाही. वरची दोन इंच खडी कोरडी राहिली, तर शेवाळ धरत नाही.

विजेची जोडणी मात्र मोठ्यांनीच करायची. टबात हात घालण्याआधी बटण बंद!

सबुरीचे दिवस

या वेळी पाणी दोन दिवस उघडं ठेवलं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून गेलं. मग पंप सुरू केला, पण मासे आणले नाहीत. रोज चिमूटभर माशांचं खाणं पाण्यात टाकायचं; ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना जेवण मिळतं. ओळखीच्या एकांकडे जुना, निरोगी फिशटँक होता. त्यातली ओंजळभर खडी आणून वाफ्यात मिसळली. दह्याला विरजण लावतो ना, तसं!

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात पाणी तपासायचा संच मिळतो. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. भाचीने वहीत रकाने आखले. आधी अमोनिया चढला. मग तो उतरला आणि नायट्राइट चढलं. शेजारचे काका रोज विचारायचे, “काय, पाणीच पाळलंय का?” आम्ही गप्प. जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, भाची आपल्या घरी गेली. जाताना वही माझ्या हातात देऊन बजावलं, “रोज फोनवर आकडे सांगायचे.”

पाचव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट भरपूर! मधल्या काळात बाजारातल्या पुदिन्याच्या जुडीतल्या काड्या खडीत रोवल्या होत्या. त्यांना पांढरी मुळं फुटली होती. आता कुठे दोन मासे आणले. दोन आठवड्यांनी आणखी तीन.

हे विसरू नका

- दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच खाणं घाला. उरलेलं खाणं म्हणजे अमोनिया!
- पानांवर कीड आली, तर हाताने वेचा. औषध फवारलं, तर ते थेट माशांकडे जातं. साबणही दूर ठेवा.
- टबावर घट्ट जाळी हवी. मांजर, खंड्या आणि घरातलं रांगतं बाळ, तिघांसाठीही!
- नकोसे झालेले मासे ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. बाहेरून आलेले मासे तिथल्या माशांच्या जिवावर उठतात.
- मासे मोजकेच ठेवा. वीज गेली की पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो.

या शेवटच्या सूचनेचा अनुभव गणपतीच्या सुट्टीत आला. भाची आली होती आणि रात्री वादळाने वीज गेली. तासभर झाला तरी येईना. ती उठली, टॉर्च माझ्या हातात दिला, मग घेतला आणि टबातलंच पाणी उंचावरून टबात ओतायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. दर थोड्या वेळाने आम्ही आळीपाळीने पाणी ओतत राहिलो. पहाटे वीज आली, पंप घरघरला. आम्ही जाळी उचलून मोजलं. पाच!

“मामा, या वेळी पाणी मी डोळ्यांनी नाही तपासलं,” ती म्हणाली, “वहीत बघून मग झोपले होते.”

सकाळी पोह्यांबरोबर पुदिन्याची चटणी होती. तुम्हीही टब मांडा, मुलांनो. पण माशांच्या आधी एक वही आणा, बरं का!