कौमार्याचा धडा गेला, सुखाचा कधी येणार?

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ साली एमबीबीएसच्या न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमातून ‘कौमार्याच्या खुणा’ हा भाग काढून टाकला. त्यासाठी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अहवाल देऊन पाठपुरावा केला होता.

योनिपटल शाबूत आहे का, स्तन घट्ट आहेत का, अशी वर्णनं पाठ करून डॉक्टर पास होत आले होते. वास्तविक कुणाचं योनिपटल संबंधांनंतरही तसंच राहतं, कुणाचं जन्मतःच नावापुरतं असतं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुरुषाच्या कौमार्याबद्दल मात्र पुस्तकं गप्प!

हा धडा चिवट निघाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये काढलेल्या नव्या अभ्यासक्रमात तो पुन्हा डोकावला. ओरड झाल्यावर काही दिवसांतच आयोगाने तो अभ्यासक्रम मागे घेतला.

पण चुकीचं वगळलं म्हणजे बरोबर ते शिकवलं, असं होत नाही. पाळी, गर्भ, रोग, अत्याचार एवढ्यातच बाईचं शरीर संपतं का? शिश्निका (क्लिटोरिस) हा केवळ सुखासाठी असलेला अवयव. त्याचा बराचसा भाग शरीराच्या आत असतो. ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारद हेलन ओ’कॉनेल यांनी त्याची रचना नीट मांडली ती थेट १९९८ मध्ये. सुखाबद्दलही शिकवावं, हा स्त्रीवाद्यांचा आग्रह आहे तो याचसाठी: आपल्याला काय आवडतं हे मुलीला कळलं, तर काय नको हेही ती ठामपणे सांगू शकते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्रीच्या कामसुखाच्या हक्काबद्दल बेधडक लिहीत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. कर्वे हरले, दंड झाला, तरी मासिक चालूच राहिलं. त्याच राज्याने २००७ साली शाळांमधला किशोरवयीनांसाठीचा लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, याची खंत वाटते.

सुखाबद्दल बोललं की मुलं बिघडतात, ही भीती पालकांना खरोखर वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वेगळंच दिसलं. सुखाचा विषय टाळला नाही, अशा लैंगिक आरोग्याच्या कार्यक्रमांमध्ये कंडोमचा वापर वाढला होता.