पाहुणे किती, जागा किती?

पावसाळा लागला की मुंबई-ठाण्याची कुटुंबे कर्जत-खालापूरकडे वळतात. लोकल कर्जतवरून खोपोलीपर्यंत येते, द्रुतगती महामार्गही खालापुरातून जातो. दोन दिवसांसाठी बंगला भाड्याने घेणे आता सोपे झाले आहे.

गेल्या वर्षी आम्ही अठरा जण गेलो. 'वीस जणांची सोय' असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तीन खोल्या, दोन बाथरूम. बाकीच्यांसाठी हॉलमध्ये गाद्या. बाहेर पाऊस, म्हणून अंगण असून नसल्यासारखे. रात्री पुरुष हॉलमध्ये झोपले. स्वयंपाकघराची वाट तिथूनच, त्यामुळे बायकांना पाणी प्यायला उठण्याचाही संकोच. फजरला वजूसाठी रांग लागली आणि टाकी रिकामी झाली. गुडघे धरून अम्मी बादलीची वाट पाहत बसल्या.

हिशेब साधा आहे. शहरांसाठी पाण्याचा मापदंड माणशी रोज 135 लिटर. अठरा जणांना 2,430 लिटर लागतात. हजाराची टाकी कशी पुरणार? केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत जास्तीत जास्त 6 खोल्या आणि 12 खाटा, म्हणजे खोलीमागे दोघे.

म्हणून बुकिंगआधी गाद्या नव्हे, बाथरूम मोजा. टाकी किती लिटरची, बायकांसाठी वेगळी खोली आहे का, नमाजला जागा कुठे, हे विचारा. आणि आपणही बारा सांगून अठरा नेऊ नका. मेहमाननवाजी यजमानाची, तसा लिहाज मेहमानाचाही.