मालगाडीच्या रुळावर माणसांची गाडी

नेरेडमेटला आमच्या एका स्नेह्यांकडे मुक्कामास गेलो की अपरात्री मालगाडीची लांबलचक धडधड कानी पडे. घरातील मुले अंथरुणात पडल्या पडल्या डबे मोजीत आणि पन्नाशी गाठण्यापूर्वीच झोपी जात. रूळ घराजवळून जाई. परंतु त्यावरून घरातील कोणास कोठे जाता येत नसे.

मौलाअली ते सनतनगर हा बावीस किलोमीटरांचा फाटा. काझीपेठेकडून वाडीकडे जाणाऱ्या मालगाड्यांनी सिकंदराबाद जंक्शन अडवू नये, म्हणून त्यांना बाहेरून वळविणारी ही एकेरी वाट. पुढे शहरच तिच्याभोवती पसरले. तेथला नोकरदार मात्र हायटेक सिटी गाठण्यासाठी बसमध्ये घुसमटत राहिला.

हैदराबादेत एम.एम.टी.एस. ही उपनगरी गाडी ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या टप्प्यात हा फाटा आला. पहिल्या टप्प्याचा खर्च राज्य आणि रेल्वे यांनी निम्मानिम्मा वाटून घेतला होता. दुसऱ्यात राज्याचा वाटा दोनतृतीयांश ठरला. पैशांवरून रेंगाळणे झाले, लष्करी जमिनीचा प्रश्न आडवा आला, आणि ५ मार्च २०२४ रोजी कोठे घटकेसर–लिंगमपल्ली गाडी या वाटेने निघाली.

रूळ तर होतेच, मग एवढे अडले कशावर, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हालाही पडला होता. पण मालगाडीला फलाट लागत नाही, पादचारी पूल लागत नाही. ती थांबली तरी कोणाची हजेरी चुकत नाही. लोकल दोन-तीन किलोमीटरांवर थांबते, झटकन वेग घेते. तिच्यापुढे एखादी जड मालगाडी सिग्नलपाशी उभी राहिली की सारे वेळापत्रक कोलमडते. म्हणून दुहेरी मार्ग, विद्युतीकरण आणि सहा नव्या स्थानक-इमारती उभारणे भाग पडले. मुंबईचेच पाहा ना! ठाणे–दिव्यामधील पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये पुरी झाली, ती लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूस काढण्यासाठीच.

खरी मेख पुढेच आहे. मालवाहतूक रेल्वेला कमाई देते; उपनगरी तिकिटांतून खर्च भागत नाही. रूळ एकच असता अग्रक्रम कोणास, हे वेळापत्रक आखतानाच ठरावयास हवे. आरंभी मोजक्याच फेऱ्या ठेवायच्या आणि मग प्रवासी येत नाहीत म्हणून त्या वाढवायच्या नाहीत, हा न्याय आम्हास पटत नाही. कचेरीच्या वेळेस दोन तास तरी हा मार्ग माणसांसाठी राखावा. स्थानकापासून वस्तीपर्यंत बस नसेल, तर तेही व्यर्थच.

आपल्या मंडळींना रेल्वेचे अप्रूप वेगळेच. ८ एप्रिल २०२३ रोजी एम.एम.टी.एस. ज्या बोलारम–मेडचल मार्गाने पुढे गेली, तो जुन्या मनमाड मार्गाचाच तुकडा. नांदेड-परभणीकडची किती घराणी त्या मीटरगेजने या शहरी आली! आमच्या स्नेह्यांच्या मातोश्री त्यांपैकीच एक. लग्न होऊन परभणीहून आलेल्या. नव्या गाडीने त्यांना लिंगमपल्लीपर्यंत नेऊन आणले. परतताना नेरेडमेटला उतरल्यावर त्या क्षणभर फलाटावरच थबकल्या.

"काय हो," त्या आम्हास म्हणाल्या, "इतकी वर्षं नुसती दारावरून जात होती. आज थांबली."