जुन्या संगणकाला दुसरा मेंदू

१९८४ साली भारतातील काही निवडक शाळांमध्ये 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून संगणक आले. फिक्कट पिवळसर पसरट पेटी, काळ्या कळा आणि सर्वांत वरच्या ओळीत तांबड्या कळा, असे त्यांचे रूप होते. या संगणकाचे नाव 'बीबीसी मायक्रो'. इंग्लंडमधील केंब्रिजच्या ॲकॉर्न कंपनीने तो १९८१ साली बाजारात आणला होता. एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटात तो अजूनही सापडेल.

या संगणकाला दुसरा प्रोसेसर जोडता येत असे, आणि आजही येतो. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. मग एका संगणकाला दोन मेंदू कशासाठी? आणि ते आपसांत भांडत कसे नाहीत? हे आज पाहू या.

अडचण कोठे होती?

बीबीसी मायक्रोमधील प्रोसेसरचे नाव ६५०२. त्याच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला २० लाख, म्हणजे २ मेगाहर्ट्झ. स्मृतीतील जागेचा पत्ता सांगण्यासाठी त्याला १६ तारा असतात. प्रत्येक तारेवर ० किंवा १ असू शकतो. म्हणून एकूण पत्ते २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ एवढेच. यांपैकी निम्मे पत्ते लिहिता-पुसता येणाऱ्या स्मृतीला दिलेले होते, पाव भाग 'बेसिक'सारख्या भाषेला आणि पाव भाग कार्यप्रणालीला. गावातल्या सगळ्या घरांना क्रमांक देऊन झाले. नवे घर बांधले तरी त्याला द्यायला क्रमांकच उरला नाही!

आता एक हिशेब करा. पडद्यावर आडवे १६० आणि उभे २५६ ठिपके आहेत, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बिट लागतात. १६० × २५६ × ४ भागिले ८, म्हणजे २०,४८० बाइट. स्मृती ३२,७६८ बाइटची. त्यातून चित्राचे २०,४८० गेले आणि कार्यप्रणालीच्या कामासाठी ३,५८४ गेले. तुमच्या आज्ञावलीला उरले फक्त ८,७०४ बाइट. डिस्क जोडली की तिच्या कामालाही स्मृती लागते. मग उरतात अवघे ५,८८८.

बरे, निदान ठोके तरी वाढवावेत? तेही सोपे नाही. स्मृतीचा उपयोग दोघे आलटून पालटून करतात: एक पाळी प्रोसेसरची, एक पाळी पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या मंडलाची. एकानेच पावले वाढवली, तर पाळ्या चुकतील आणि चित्र विस्कटेल.

यजमान आणि बांडगूळ

यावर ॲकॉर्नच्या अभियंत्यांनी आधीच उपाय योजून ठेवला होता. पेटीच्या तळाशी, पुढच्या कडेला, ४० पिनांची एक जोडणी होती. तिला त्यांनी 'ट्यूब' म्हणजे नळी असे नाव दिले. या नळीतून दुसरा, स्वतंत्र प्रोसेसर जोडायचा. त्याची स्मृती वेगळी, त्याचे ठोके वेगळे. ६५०२ चाच असा एक जोडप्रोसेसर मिळत असे. त्याचे ठोके ३ मेगाहर्ट्झ होते आणि स्मृती पूर्ण ६४ किलोबाइट.

जुन्या संगणकाला अभियंते 'यजमान' म्हणत आणि नव्या प्रोसेसरला चक्क 'बांडगूळ'! आंब्यावरचे बांडगूळ झाडाचा रस शोषते, हे तुम्ही पाहिले असेल. येथे मात्र दोघांचाही फायदा आहे. कळफलक, पडदा आणि डिस्क यजमान सांभाळतो. आज्ञावली आणि आकडेमोड बांडगुळाकडे असते.

दोघांना एकमेकांच्या स्मृतीत डोकावता येत नाही. मधे ट्यूबची एक चिप असते. तिच्यात चार खिडक्या आहेत. पोस्टात तिकिटे, मनीऑर्डर आणि पार्सल यांच्या खिडक्या वेगळ्या असत, तसेच हे. पडद्यावर उमटवायची अक्षरे एका खिडकीतून, कार्यप्रणालीला सांगायची कामे दुसरीतून, आणि उरलेल्या दोन मोठ्या माहितीच्या ने-आणीसाठी. अक्षरांच्या खिडकीशी २४ बाइटची रांग लागू शकते. त्यामुळे यजमान चित्र काढण्यात गुंतला असला, तरी बांडगूळ आपले निरोप रांगेत ठेवून पुढच्या आकडेमोडीला लागते.

जोडणी कशी करायची?

हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. प्रथम संगणकाची वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. एक महत्त्वाची सूचना: या संगणकांच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातील काही कपॅसिटर वयोमानाने तडकतात आणि वीज लावताच धूर सोडतात. बरीच वर्षे बंद असलेला संगणक जाणकार तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय सुरू करू नका. तो डबा स्वतः कधीही उघडू नका.

यजमानाकडे ट्यूबशी बोलण्याची आज्ञावली असावी लागते. ती 'डीएनएफएस' नावाच्या रॉम चिपमध्ये मिळते. ती आधीपासून बसवलेली नसेल, तर पेटी उघडावी लागेल. मागे दोन आणि तळाला दोन असे 'फिक्स' खुणेचे चार स्क्रू काढले की झाकण निघते. कळफलक सोडवून हलकेच बाजूला घ्या; रॉमची सॉकेटे त्याच्याखाली उजव्या हाताला आहेत. चिपला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा. आपल्या अंगावरची स्थितिक वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिप निकामी करायला ती पुरते. चिपच्या एका टोकाला खाच असते. शेजारच्या चिपची खाच ज्या दिशेला, त्याच दिशेला हीही ठेवा. सर्व २८ पिना सरळ बसल्या, एकही आत दुमडली नाही, याची खात्री करून मगच दाबा.

यानंतर जोडप्रोसेसरची चपटी केबल ट्यूबमध्ये बसवा. तिची लांबी मुद्दामच कमी ठेवलेली असते, कारण लांब तारांत जलद संकेत बिघडतात. सर्व नीट असेल, तर सुरू केल्यावर पडद्यावर 'ॲकॉर्न ट्यूब ६५०२ ६४के' अशी ओळ दिसेल.

काय बदलले?

आता मोजून पाहा. बेसिकमध्ये 'हायमेम' उणे 'पेज' छापायला सांगा. आज्ञावलीसाठी मोकळी जागा कळते. पूर्वी ८,७०४ किंवा ५,८८८ येणारे उत्तर आता ३०,७२० येईल. जोडप्रोसेसरसाठी खास बनवलेले बेसिक वापरले तर ४५,०५६. पडद्यावर कितीही रंग घेतले तरी हा आकडा घटत नाही, कारण चित्र यजमानाच्या स्मृतीत राहते. वेळही मोजा. निव्वळ आकडेमोडीला पूर्वी ३० सेकंद लागत असतील, तर आता सुमारे २० लागतील. ३ आणि २ चे प्रमाण तुम्हाला घड्याळातच दिसेल.

पण काही खेळ आता चालणार नाहीत. असे का? पडद्यावर अक्षर उमटवण्याचे दोन मार्ग होते. एक, कार्यप्रणालीला विनंती करणे. दुसरा, तिला न विचारता थेट चित्राच्या स्मृतीत लिहिणे. दुसरा मार्ग जलद, म्हणून खेळ लिहिणारे पुष्कळदा तोच धरीत. जोडप्रोसेसरवर अशी आज्ञावली आपल्याच स्मृतीत लिहीत बसते आणि पडदा कोराच राहतो. ज्यांनी विनंतीचा मार्ग धरला, त्यांच्या आज्ञावल्या एकही अक्षर न बदलता चालतात. कारण विनंती पुरवणारा शेजारीच बसला आहे की नळीच्या पलीकडे, हे त्यांना कळतच नाही.

नळीतून निघालेला प्रवास

या नळीचा सर्वांत मोठा उपयोग पुढेच झाला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या ॲकॉर्नच्या अभियंत्यांनी एक नवा प्रोसेसर आखला. तो बनण्यापूर्वी त्याच्या सूचना कशा चालतील, हे विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्ये आज्ञावली लिहून पडताळले. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप चालू झाली. कळफलक नाही, पडदा नाही. मग तिची परीक्षा कशी घ्यायची? तिला बीबीसी मायक्रोचा जोडप्रोसेसर केले! त्या चिपचे नाव 'आर्म'. तुमच्या घरातील मोबाइलमध्ये बहुधा तिचाच वंशज आहे.

आज हौशी मंडळी ट्यूबला 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणक जोडतात आणि त्याच्याकडून जोडप्रोसेसरचे काम करून घेतात. त्यातला प्रोसेसरही आर्मच. फक्त जुना संगणक ५ व्होल्टवर बोलतो आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टवर, म्हणून मधे व्होल्टता बदलणारे छोटे मंडल लागते. ते न लावता थेट जोडले, तर पाय जळून जाईल.

जाता जाता एक प्रश्न. जोडप्रोसेसरचे ठोके ३ ऐवजी ३०० मेगाहर्ट्झ केले, तर आकडेमोड शंभरपट लवकर होईल. मग पडद्यावर मोठे चित्र काढण्याचे कामही शंभरपट लवकर होईल का? चित्र कोण काढतो, हे आठवा आणि उत्तर तुमच्या वहीत कारणासह लिहा.